शालेय कुस्ती आणि पंचगिरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या तालमीत घडून, अनेक वर्षे लढून आणि नंतर शालेय स्पर्धांमध्ये पंच म्हणून उभे राहून जे शिकलो, ते येथे प्रश्नोत्तरांच्या रूपाने मांडले आहे. पालक, शारीरिक शिक्षणाचे शिक्षक आणि पंच होऊ इच्छिणारे तरुण मल्ल हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. गुण आणि वेळ यांविषयी जे लिहिले आहे ते युनायटेड वर्ल्ड रेसलिंग या जागतिक संघटनेच्या नियमांना धरून आहे. हे नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीस चालू नियमावली वाचून घ्यावी.

मुंबईत कुस्ती खरोखर आहे का, की ती कोल्हापूर-सांगलीकडेच पाहायची?

मुंबईची कुस्ती गिरणगावाने उभी केली. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांतून गिरण्यांत, गोदीत आणि माथाडी कामावर आलेल्या माणसांनी गावाकडची तालीम सोबत आणली, आणि लालबाग-परळच्या परिसरात पाळी संपल्यावर लंगोट लावून लाल मातीत उतरणारी एक पिढीच्या पिढी तयार झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, कामगार उपनगरांत आणि गावांकडे विखुरले, आणि तालमींचा आधार तुटला. तालमीला मल्ल लागतो, तसा त्याच्या दुधा-बदामाचा खर्च उचलणारा कमावता माणूसही लागतो, आणि तोच माणूस या शहराच्या मध्यभागातून नाहीसा झाला.

तरीही कुस्ती संपली नाही. रेल्वे आणि पोलीस दलाने मल्लांना नोकऱ्या दिल्या, महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाने कामगार केसरीसारखी स्पर्धा चालवली, आणि कांदिवलीच्या भारतीय खेळ प्राधिकरणाच्या केंद्रात मॅटवरची कुस्ती शास्त्रशुद्ध पद्धतीने शिकवली जाऊ लागली. याच मुंबईत वाढलेल्या नरसिंग यादव यांनी महाराष्ट्र केसरीची गदा सलग तीन वेळा मिळवली आणि २०१५ च्या जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात कांस्यपदक जिंकले. ज्या शहरात असा मल्ल घडतो, तेथे कुस्ती नाही असे म्हणणे योग्य होणार नाही. कमतरता आहे ती शाळांच्या पातळीवर, आणि या पानाचा बराचसा भाग त्याच पातळीविषयी आहे.

मुलाला किंवा मुलीला तालमीत केव्हा घालावे?

नऊ-दहा वर्षांच्या मुलाला कोलांट्या, पूल (डोके आणि टाचा टेकवून अंगाची कमान करणे), दोर चढणे आणि पडायचे कसे हे शिकवण्यास हरकत नाही. खऱ्या अर्थाने लढत खेळण्याची घाई मात्र करू नये. पहिले वर्ष मान, खांदे आणि कंबर तयार करण्यात गेले तर ते वाया गेले असे समजू नये, कारण ज्याची मान तयार नाही त्याला कोणताही डाव शिकवणे धोक्याचे असते. वस्ताद निवडताना त्यांनी किती पदके मिळवली हे विचारण्यापेक्षा तालमीतील लहान मुलांची जोड ते कशी लावतात हे तासभर बसून पाहावे. वजन आणि ताकद यांचा मेळ न पाहता लहान मुलाला मोठ्याच्या अंगावर सोडणाऱ्या तालमीतून मूल परत आणावे.

मातीवर सराव करून मॅटवरची शालेय स्पर्धा खेळता येते का?

येते, परंतु दोन्हींमधला फरक आधी समजून घ्यावा लागतो. पारंपरिक मातीतील कुस्ती निकाली असते: समोरच्याची पाठ लावली की कुस्ती झाली, नाहीतर ती बरोबरीत सोडवली जाते. तेथे खडाखडीला, म्हणजे उभ्याने एकमेकांचा अंदाज घेण्याला, वेळ असतो, दम राखून खेळता येते. गादीवर, म्हणजे मॅटवर, घड्याळ चालू असते आणि प्रत्येक हालचालीला किंमत असते. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग ठेवून त्यांच्या विजेत्यांमध्ये अंतिम लढत लावतात, यावरूनच दोन्ही परंपरांना आपल्याकडे किती मान आहे हे दिसते. मातीत वाढलेल्या मुलाची पकड आणि दम उत्तम असतो. त्याला शिकावे लागते ते वर्तुळाच्या कडेचे भान, पट काढण्यातील, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा पाय पकडून त्याला पाडण्यातील, चपळाई आणि पहिल्या सेकंदापासून आक्रमण करण्याची सवय.

शालेय स्पर्धांची रचना कशी असते?

राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयामार्फत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत शालेय स्पर्धा होतात. जिल्हा, विभाग, राज्य आणि शेवटी राष्ट्रीय असे त्यांचे टप्पे असतात. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे असल्याने शाळा कोणत्या हद्दीत येते हे आधीच पाहावे. प्रवेशिका शाळेमार्फत जाते, तालमीमार्फत नाही, ही गोष्ट अनेक पालकांच्या शेवटच्या दिवशी लक्षात येते.

लढतीचे गुण कसे मोजले जातात?

हा प्रश्न प्रेक्षकांत बसलेले आईवडील सर्वाधिक विचारतात, म्हणून फ्रीस्टाइलचे, म्हणजे पायांवरही पकड घेता येणाऱ्या प्रकाराचे, उत्तर थोडे विस्ताराने देतो. जागतिक संघटनेच्या १५ आणि १७ वर्षांखालील गटांत दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात, मोठ्या गटांत तीन-तीन मिनिटांच्या, आणि मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. उभ्या स्थितीतून प्रतिस्पर्ध्याला खाली आणून त्याच्या पाठीमागे ताबा मिळवला की दोन गुण. खाली असताना भारंदाजसारख्या, म्हणजे कमरेला विळखा घालून फिरवण्याच्या, डावाने त्याची पाठ मॅटकडे नव्वद अंशांपेक्षा कमी कोनात फिरवली की पुन्हा दोन गुण, आणि हाच डाव लागोपाठ बसत गेला तर गुणही लागोपाठ वाढत जातात. उभ्यातून थेट पाठीवर धोक्याच्या स्थितीत आणले तर चार, आणि मोठी झेप घेऊन उचलून टाकलेल्या फेकीला पाच. प्रतिस्पर्ध्याचा पाय वर्तुळाबाहेर संरक्षक भागात पडला तर एक. खाली दबलेल्या मल्लाने उलटून वर येत ताबा घेतला तर एक.

दहा गुणांचा फरक पडला की तांत्रिक श्रेष्ठतेवर लढत तेथेच थांबते. ग्रीको-रोमनमध्ये हा फरक आठ गुणांचा असतो, आणि त्या प्रकारात कमरेखाली पकड घेता येत नाही, पायांचा उपयोगही करता येत नाही. गुण समान राहिले तर अधिक मोलाच्या डावांचे गुण कोणाकडे जास्त आहेत ते पाहतात, मग ताकीद कोणाला कमी मिळाली ते, आणि तेही सारखे असेल तर शेवटचा गुण कोणी घेतला ते. म्हणूनच चार-चार अशी बरोबरी असताना एक मुलगा आनंदाने उडी मारतो आणि दुसऱ्याच्या वडिलांना काय झाले ते कळत नाही. पालकांनी ही तीन पायऱ्यांची रीत एकदा नीट समजून घेतली, तर मैदानावरील निम्मे वाद तेथेच मिटतील.

एका लढतीसाठी तीन पंच कशासाठी?

मॅटवर उभा असलेला मुख्य पंच, कडेला बसलेला साइड पंच आणि टेबलावरील मॅट चेअरमन असे तिघे मिळून निर्णय देतात, आणि तिघांपैकी दोघांचे एकमत झाले की तो गुण लागतो. मुख्य पंचाच्या डाव्या मनगटावर लाल आणि उजव्या मनगटावर निळी पट्टी असते, आणि ज्या रंगाच्या मल्लाला गुण द्यायचा त्या हाताची बोटे तो वर करतो. अंगाला अंग भिडलेले असताना एका बाजूने दिसते ते दुसऱ्या बाजूने दिसत नाही. पाठ किती वळली हे मुख्य पंचाला मल्लाच्या पायांकडून कळत नाही, तर वर्तुळाच्या कडेला पाऊल आधी कोणाचे पडले हे साइड पंचाला अनेकदा अधिक स्वच्छ दिसते. जिल्हा पातळीवर माणसे कमी असली की एका लढतीला दोनच पंच लावण्याचा मोह होतो. माझे स्पष्ट मत आहे की मॅटची संख्या कमी करावी, पंचांची नाही.

चितपट झाली हे पंच नेमके कसे ठरवतात?

दोन्ही खांदे एकाच वेळी मॅटला टेकले आणि तेथे क्षणभर दाबून धरले गेले, तर चितपट होते. हे पाहण्यासाठी पंचाला खाली जावे लागते. वरच्या मल्लाने ढाक मारून मान आणि हात एकत्र आवळले आहेत, खालचा मुलगा टाचा रोवून पूल करत आहे, अशा वेळी मुख्य पंच पोटावर आडवा होतो, गाल जवळजवळ मॅटला टेकवतो आणि खांद्याच्या पात्याखालून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहतो. एक खांदा टेकलेला असतो, दुसऱ्याखाली बोटभर फट असते, पूल खचतो, फट मिटते, पुन्हा उघडते. या वेळी एक डोळा खांद्यांवर आणि दुसरा मुलाच्या चेहऱ्यावर ठेवावा लागतो, कारण आवळलेला हात मानेवरून सरकून गळ्यावर आला तर डाव तत्काळ सोडवायचा असतो. फट मिटून राहिली की मुख्य पंच मान वर करून साइड पंच किंवा मॅट चेअरमन यांची संमती घेतो आणि मगच मॅटवर थाप मारून शिट्टी वाजवतो. ही संमती घेण्याआधी थाप मारणे हा नवख्या पंचांचा सर्वात मोठा दोष आहे.

शालेय लढतीतील पंचाचे काम मोठ्यांच्या लढतीपेक्षा वेगळे असते का?

होय, आणि हे सारे पान लिहिण्याचे कारणही हेच आहे. वरिष्ठ गटातील मल्लाला आपले शरीर कोठवर ताणते हे ठाऊक असते. चौदा वर्षांच्या मुलाला ते ठाऊक नसते, आणि मित्र, आईवडील व वस्ताद पाहत असताना तो कळ लपवतो. म्हणून शालेय लढतीत पंचाची पहिली जबाबदारी मुलाच्या मानेची, कोपराची आणि गुडघ्याची असते, आणि गुणांचा हिशेब त्यानंतर येतो. नियमही याच दिशेने लिहिलेले आहेत. गळा आवळणे आणि हात नव्वद अंशांपलीकडे पिरगळणे सर्वांनाच मना आहे. पुलात असलेल्या मल्लाला खाली दाबता येते, पण डोक्याच्या दिशेने ढकलता येत नाही, कारण तेव्हा साऱ्या अंगाचा भार मानेच्या मणक्यांवर येतो. दोन्ही काखांतून हात घालून मानेवर दाब देणारी दुहेरी नेल्सनची पकड लहान गटांमध्ये निषिद्ध आहे.

नियम पाठ असणे आणि धोका येण्याआधी ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि येथे आयुष्यभर लढलेल्या माणसाचा उपयोग होतो. एकेरी पट काढताना एकाने पाय उंच धरला आणि दुसरा एका पायावर उड्या मारू लागला की पुढच्या क्षणी गुडघा कोणत्या बाजूला वळणार हे खेळलेल्या पंचाच्या अंगाला आधीच कळते. मोळी भरताना, म्हणजे मान आणि पाय एकत्र आवळले जात असताना, मुलाने श्वास रोखला आहे की त्याचा श्वास अडला आहे, हा फरक आवाजावरून ओळखता येतो. पंच अशा वेळी दोन पावले जवळ सरकतो, हात तयार ठेवतो आणि गरज पडताच शिट्टी वाजवतो. त्यामुळे एखाद्याचा होऊ घातलेला डाव तुटला तर गॅलरीतून ओरडा होतो. तो होऊ द्यावा. डोके आपटल्यानंतर मुलगा उभा राहिला, पण त्याची नजर स्थिर नसेल, तर डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय त्याला पुन्हा हात मिळवू देऊ नयेत, मग तो स्वतः कितीही आग्रह करो.

वजन घेताना काय पाहिले जाते?

सकाळी वजनाच्या वेळीच वैद्यकीय तपासणी होते. नखे कापलेली आहेत का, अंगावर नायटा किंवा इतर संसर्ग आहे का, हे पाहिले जाते. मुंबईच्या दमट हवेत आणि पावसाळ्यात नायटा एका मुलाकडून साऱ्या तालमीत पसरतो, म्हणून पालकांनी तो लपवू नये. त्वचेचा आजार संसर्गजन्य नसल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत असेल तर मुलाची संधी जात नाही. सराव संपताच अंघोळ, रोज धुतलेला कॉश्चूम आणि जंतुनाशकाने पुसलेली मॅट एवढ्याने हा त्रास बराच आटोक्यात राहतो.

एक गट खाली खेळण्यासाठी मुलाचे वजन उतरवावे का?

नाही. वाढत्या वयातील मुलाला उपाशी ठेवून, पाणी तोडून किंवा जाड कपड्यांत धाववून वजन उतरवणे मला कोणत्याही कारणासाठी मान्य नाही. शरीरातील पाणी कमी झाले की प्रतिक्रिया मंदावते, स्नायूंत गोळे येतात, उष्णतेचा आघात होऊ शकतो. १९९७ साली अमेरिकेत महाविद्यालयीन पातळीवरचे तीन मल्ल काही आठवड्यांच्या अंतराने याच कारणाने मरण पावले आणि त्यानंतर तेथील नियम मुळापासून बदलले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचल्या, परंतु दुसऱ्या सकाळी वजन १०० ग्रॅम जास्त भरल्याने त्या अपात्र ठरल्या. तज्ज्ञांचे पथक सोबत असलेल्या, अनुभवी खेळाडूवर ही वेळ येते, तर आठवीतल्या मुलाने उपास करून काय साधणार? हंगाम सुरू होताना जे वजन नैसर्गिक आहे त्याच गटात प्रवेशिका भरावी आणि वाढ झाली तर वरच्या गटात जावे.

अमेरिकेतील शालेय कुस्ती आपल्यापेक्षा वेगळी आहे का?

तेथील माध्यमिक शाळांमध्ये फोकस्टाइल नावाचा वेगळा प्रकार खेळला जातो. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, वर असलेल्या मल्लाच्या ताब्याला जास्त महत्त्व, खालून सुटून उभे राहिले तरी एक गुण, आणि चितपटीसाठी दोन सेकंद खांदे दाबून धरण्याची अट. मुख्य म्हणजे हंगामापूर्वी मुलाच्या शरीरातील पाण्याची तपासणी होते आणि त्याने कोणत्या वजनाखाली उतरायचे नाही हे लेखी ठरते. ही एक पद्धत आपल्या शालेय स्पर्धांनी अवश्य उचलावी, असे मला मनापासून वाटते.

मुलींच्या लढतींसाठी वेगळे नियम असतात का?

महिलांची कुस्ती फ्रीस्टाइलच्याच नियमांनी होते. २००४ पासून ती ऑलिंपिकमध्ये आहे, २०१६ साली साक्षी मलिक यांनी भारतीय महिला कुस्तीचे पहिले ऑलिंपिक पदक मिळवले, आणि आपल्या राज्यात २०२३ साली सांगलीत झालेल्या पहिल्या महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धेत प्रतीक्षा बागडी विजेत्या ठरल्या. शाळांनी काळजी घ्यावी ती व्यवस्थेची: वजन घेण्यासाठी बंद खोली आणि महिला अधिकारी, सोबत शिक्षिका, आणि शक्य तेथे महिला पंच. आमच्याकडे महिला पंच फार कमी आहेत, म्हणून खेळणे थांबवलेल्या मुलींनी या कामाकडे वळावे अशी कळकळीची विनंती आहे.

निर्णय चुकीचा वाटला तर काय करावे?

मोठ्या स्पर्धांमध्ये प्रशिक्षकाला चॅलेंजचा अधिकार असतो. तो स्पंजचा ठोकळा मॅटवर टाकतो, चित्रीकरण पाहिले जाते, आणि आक्षेप फेटाळला गेला तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. चित्रीकरणाची सोय नसेल तेथे कोपऱ्यातील प्रशिक्षकाने मॅट चेअरमनकडे शांतपणे विचारणा करावी. पालकांनी मॅटजवळ येऊ नये.

कोपऱ्यात नियम जाणणारा माणूस असण्याचे महत्त्व खाशाबा जाधव यांच्या उदाहरणावरून समजते. १९५२ साली हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशी यांच्याशी दीर्घ लढत झाल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत मल्लाविरुद्ध उतरावे लागले. मधल्या विश्रांतीचा त्यांचा हक्क मांडायला भारताचा कोणीही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. तरीही त्यांनी कांस्यपदक आणले आणि ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. आता १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी शाळांनी हारतुऱ्यांसोबत मुलांना नियमांचा एक तासही द्यावा.

पंचावर हात उचलणे मात्र कोणत्याही परिस्थितीत क्षम्य नाही. २०२५ साली अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरीत निर्णयावरून पंचाला लाथ मारली गेली आणि संबंधित मल्लावर तीन वर्षांची बंदी आली. त्या निर्णयाविषयी मतभेद असू शकतात, त्या कृतीविषयी नसावेत.

पंच कसे व्हावे, आणि त्यावर घर चालते का?

जिल्हा संघटनेकडे नाव नोंदवून शालेय स्पर्धांत वेळाधिकारी आणि गुणलेखक म्हणून सुरुवात करावी, मग राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरील पंच परीक्षा द्यावी. आंतरराष्ट्रीय पंचांच्या तिसरी, दुसरी, पहिली आणि सर्वोच्च अशा श्रेणी असतात, आणि प्रत्येक पायरीवर पुन्हा कसोटी असते. केवळ पंचगिरीच्या मानधनावर मुंबईत घर चालत नाही, ही गोष्ट तरुणांना स्पष्ट सांगायला हवी. रेल्वे किंवा पोलीस दलातील नोकरी, शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन शाळेत शिक्षकी, अथवा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतील पदविका घेऊन प्रशिक्षकपद, यांपैकी एक आधार हवा. शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी करावी लागते, म्हणून शाळेपासूनचे प्रत्येक मूळ प्रमाणपत्र जपून ठेवावे.

आपल्याच तालमीतील मुलाच्या लढतीत पंच म्हणून उभे राहावे का?

राहू नये. सोडत हाती आली की आपल्या तालमीतील, नात्यातील किंवा शाळेतील मुलाचे नाव कोणत्या मॅटवर आहे ते पाहावे आणि मुख्य पंचाधिकाऱ्यांना आधीच सांगून दुसऱ्या मॅटवर नेमणूक मागावी. छोट्या जिल्हा स्पर्धेत सर्वच जण एकमेकांचे ओळखीचे असतात, हे खरे आहे. अशा ठिकाणी किमान मुख्य पंचाची जागा सोडावी आणि तिघांपैकी दोघे तरी त्या तालमीबाहेरचे असतील असे पाहावे. मुलाला ही गोष्ट आदल्या दिवशी सांगून ठेवावी, म्हणजे आपले सर दुसऱ्या मॅटवर का गेले असा प्रश्न त्याला लढतीआधी पडत नाही.